दोन रो हाऊससाठी एकच डिश: स्प्लिटर चालेल का आणि अर्थिंगचे काय करावे?

ऐरोलीकर (प्रश्न)

नमस्कार. आम्ही ऐरोलीत सिडकोच्या जुन्या रो हाऊसमध्ये राहतो. आमच्या गच्चीवर डीडी फ्री डिशची ६० सेंटिमीटरची डिश आहे आणि ती व्यवस्थित चालते. शेजारच्या काकूंच्या घराला लागून आग्नेयेकडे तीन मजली घर उभे राहिल्यापासून त्यांच्या गच्चीवर सिग्नल मिळत नाही, म्हणून आमच्याच डिशवरून त्यांना केबल द्यावी असे दोन्ही घरांनी ठरवले आहे. जोडणीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने साधा स्प्लिटर (एका केबलच्या दोन वाटा करणारा जोड) लावायला सांगितले. मात्र केबल जोडताना काकूंच्या सेट-टॉप बॉक्सच्या धातूच्या टोकाला हात लागताच झिणझिण्या आल्या, त्यामुळे आम्ही काम थांबवले. दोन्ही घरांचे मीटर वेगळे आहेत. काकू एकट्या राहतात. त्यांना इजा होईल असे काहीही आम्हाला करायचे नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

कळवेकर

काम थांबवलेत हे योग्य केलेत. सिग्नलची बाजू आधी सांगतो. डिशच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला (सिग्नल पकडून केबलमध्ये देणाऱ्या भागाला) वीज सेट-टॉप बॉक्सकडूनच, त्याच केबलमधून जाते. बॉक्सने १३ व्होल्ट पाठवले तर एलएनबी उभ्या ध्रुवीकरणाचे (उभ्या दिशेत कंप पावणाऱ्या लहरींवरचे) चॅनेल घेते, १८ व्होल्ट पाठवले तर आडव्या. शिवाय युनिव्हर्सल एलएनबीमध्ये वारंवारितेचा वरचा पट्टा निवडण्यासाठी २२ किलोहर्ट्झचा संकेत जातो. स्प्लिटरवर दोन बॉक्सनी एकाच वेळी वेगवेगळी मागणी केली की १८ व्होल्टवाल्याचे चालते आणि दुसऱ्या घरातले चॅनेल अचानक गायब होतात. सगळे चॅनेल एकाच ध्रुवीकरणाचे आणि एकाच पट्ट्यातले असतील तर स्प्लिटरने काम भागते, पण तरीही प्रत्येक वाटेला निम्म्याहून कमी सिग्नल उरतो, आणि जुलैतल्या मुसळधार पावसात केयू बँडचा (डिशचे चॅनेल ज्या लहरींवर येतात त्या पट्ट्याचा) सिग्नल आधीच क्षीण होत असताना ही घट परवडत नाही.

म्हणून दोन स्वतंत्र आउटपुट असलेली ट्विन एलएनबी घ्यावी. पुढच्या सोयीसाठी चार आउटपुटची घेणार असाल, तर दुकानात ‘क्वाड’ मागितल्यावर ‘क्वाट्रो’ हातात पडू नये याकडे लक्ष असू द्या. दोन्ही दिसायला सारख्याच असतात, परंतु क्वाट्रो मल्टिस्विचसाठी (एका डिशचा सिग्नल अनेक घरांना वाटणाऱ्या उपकरणासाठी) असते आणि थेट बॉक्सला जोडून तिचा उपयोग होत नाही.

विद्युत पर्यवेक्षक, ठाणे

ट्विन एलएनबीने सिग्नलचा प्रश्न सुटेल, विजेचा सुटणार नाही. केबलच्या बाहेरची जाळी, एलएनबीचे आवरण आणि दोन्ही बॉक्सचे धातूचे भाग हे सगळे एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे दोन घरांची वीज वेगवेगळ्या मीटरवर असली तरी ती घरे या जाळीतून एकत्र येतात.

आपल्याला आलेल्या झिणझिण्यांचे नेहमीचे कारण असे, की दोन पिनांच्या बॉक्समध्ये विद्युत गोंगाट रोखणारा एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अत्यल्प प्रवाह धातूच्या भागावर येतो, आणि अर्थिंग नसल्यामुळे तो हातातून वाट शोधतो. हा प्रवाह सहसा धोकादायक नसतो. पण झिणझिण्यांचे कारण दर वेळी हेच असते असे गृहीत धरू नये. एखाद्या घरातल्या बॉक्समध्ये किंवा टीव्हीमध्ये इन्सुलेशन बिघडले, तर पूर्ण २३० व्होल्ट शेजारच्या बॉक्सवर आणि गच्चीतल्या डिशवरही येऊ शकतात. डिशशेजारच्या दोरीवर ओले कपडे वाळत घालणाऱ्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो.

याहून वाईट प्रकार जुन्या घरांत मी वारंवार पाहतो. अर्थिंगची तार नसली की काही वायरमन तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रललाच जोडून टाकतात. अशा घराची न्यूट्रल तुटली, तर फ्रिज-पंख्यांचा परतीचा प्रवाह टीव्हीमार्गे केबलच्या बारीक जाळीतून शेजाऱ्याच्या अर्थिंगकडे धावू शकतो. ती जाळी एवढ्या प्रवाहासाठी बनवलेली नसते, ती तापते आणि आगही लागू शकते. त्यामुळे केबल ओढण्याआधी परवानाधारक वायरमनकडून दोन्ही घरांची सॉकेट आणि अर्थिंग तपासून घ्यावे आणि दोन्हीकडे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा. अर्थ आणि न्यूट्रल जोडलेले असतील आणि प्रवाहाला जमिनीकडे दुसरी वाट मिळाली, तर आरसीसीबी वारंवार पडतो; पण तशी वाट नसेल तर तो पडेलच असे नाही, म्हणून सॉकेटची तपासणी हवीच. केबल जोडताना दोन्ही घरांतले बॉक्स आणि टीव्ही केवळ बंद न करता त्यांचे प्लग काढून ठेवावेत.

ऐरोलीकर

सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचेही आभार. डिश गच्चीच्या कठड्यावर आहे, जिन्याची खोली तिच्याहून उंच आहे. विजा कडाडतात तेव्हाच्या दृष्टीने डिशला वेगळी तार जोडावी लागेल का?

विद्युत पर्यवेक्षक, ठाणे

आंतरराष्ट्रीय मानकानुसार, डिश छपराच्या कडेपासून किमान २ मीटर खाली आणि इमारतीपासून दीड मीटरच्या आत असेल तरच विजेसाठीच्या वेगळ्या अर्थिंगची सूट मिळते. कठड्यावरची डिश त्यात बसत नाही. तिच्या खांबाला किमान १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार जोडून ती शक्य तितक्या सरळ वाटेने अर्थिंगपर्यंत न्यावी. केबलच्या जाळ्या घरात शिरण्याआधी एका पट्टीवर एकत्र करून ४ चौरस मिलिमीटरच्या तारेने त्याच अर्थिंगला जोडाव्यात. दोन्ही घरांची अर्थिंगे एकमेकांशी जोडायची की नाही, हे मात्र जागेवर पाहणी करूनच ठरवता येईल.

नेरुळकर

वरील सगळे वाचल्यावर मला सोपा मार्ग वेगळाच वाटतो. आपल्याच गच्चीवर काकूंसाठी दुसरी डिश बसवावी. ठाणे–नवी मुंबईतून ९३.५ अंश पूर्वेचा जीसॅट-१५ उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५७ अंशांवर आहे. म्हणजे जिथे आपली डिश चालते, तिथे काही अंतरावर दुसरीही चालायला हवी. तिची केबल फक्त काकूंच्या घरात जाईल आणि दोन घरांच्या जाळ्या एकमेकांना भेटणारच नाहीत. मात्र दोन्ही डिश एकाच लोखंडी खांबावर बसवू नयेत, आणि एका माणसाचे दोन हात एकाच वेळी दोन्हींना लागणार नाहीत इतके अंतर ठेवावे. पुढे काकूंनी सशुल्क डीटीएच घेतले तर त्या डिशची दिशा त्यांच्या सोयीने बदलता येईल, आपल्या टीव्हीला हात लावावा लागणार नाही.

विद्युत पर्यवेक्षक, ठाणे

नेरुळकरांच्या सूचनेशी मी सहमत आहे. दोनच घरांसाठी हाच मार्ग अधिक सुरक्षित आहे. दुसऱ्या डिशचे अर्थिंग काकूंच्या घराच्या अर्थिंगला जोडावे, आपल्या नव्हे. मात्र त्यांच्या घरात अर्थिंग धड आहे की नाही, हे त्याआधी तपासून घ्यावे. केबल खिडकीतून आत घेताना बाहेरच्या बाजूला खाली झोल ठेवावा, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून ओघळत बॉक्सपर्यंत येणार नाही.