दारू सुटली, संध्याकाळ सुटत नाही. परिक्रमेला निघू का?

रिकामी_संध्याकाळ (इंदूर)
नमस्कार मंडळी. वय ४९, लोकमान्य नगरला राहतो, स्वतःचं दुकान आहे. दारू सोडून आठ महिने झाले. रोजची होती, लपवत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडली, कारण त्याआधी एकदा स्वतःच्या मनाने एकदम बंद केली तर तिसऱ्या दिवशी फीट आली होती, कोणी तसं करायच्या विचारात असेल तर प्लीज नको.

आता प्रॉब्लेम वेगळाच. संध्याकाळी सात ते साडेनऊ. दुकान वाढवून घरी येतो, हातपाय धुतो आणि मग काय?? जुने मित्र सगळे त्याच टेबलवरचे. सराफ्यात (इथला रात्रीचा खाऊबाजार) जावं तर रोज रोज गराडू आणि जलेबा खाऊन शुगर वाढेल. बायको म्हणते वाचन करा. डोक्यात नर्मदा परिक्रमा घोळतेय, पूर्ण पायी. १९७८ पासून इंदूरच्या नळाला जलूदहून नर्मदेचं पाणी येतं, म्हणजे जन्मभर तीच नदी प्यायलो (आणि पाण्यासोबत बाकीचंही) पण ओंकारेश्वरच्या पुढे कधी बघितली नाही. भाऊ म्हणतो पळवाट आहे. मुलगी म्हणते बाबा आधी इथेच कुठेतरी सेवा करा. दोन्ही केलेलं कोणी आहे का?

पायी_पायी
नर्मदे हर दादा. मी केली, सोडल्यावर दोन वर्षांनी, १४२ दिवस लागले. चातुर्मासात चालत नाहीत, देवउठनीनंतर (कार्तिकी एकादशी) ओंकारेश्वरहून उचलायची, म्हणजे सुरू करायची, नदी कायम उजव्या हाताला आणि ओलांडायची नाही. नदी १३१२ किमी, म्हणजे दोन्ही काठ धरून २६०० च्या वर, आणि वळसे धरले तर अजून बरंच. बडवानीनंतर शूलपाणीची झाडी, मग गुजरात, समुद्राच्या तोंडाशी नावेने मिठी तलाईला उतरायचं आणि उत्तर काठाने अमरकंटककडे.

खरं सांगायचं ते वेगळं आहे. निघताना नर्मदेचं पाणी छोट्या बाटलीत भरून घेतात आणि रोज सकाळ-संध्याकाळ तिची पूजा करतात. तर पहिल्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास एका धर्मशाळेच्या ओट्यावर मी पिशवीतून बाटली काढली, समोर ठेवली, बूच नीट बसलंय का बघितलं, आणि हात थरथरायला लागले. बाजूचे बाबा म्हणाले थंडी वाजतेय का. काय सांगणार. मग काडी ओढून दिवा लावला. तिसाव्या दिवसापर्यंत सात वाजले की हात आपोआप काडेपेटीकडे जायला लागला.

पण रस्ता कोरडा आहे असं समजू नका. १ एप्रिल २०२५ पासून ओंकारेश्वर, महेश्वर, मंडलेश्वर, अमरकंटक इथली दारूची दुकानं बंद झालीत ते ठीक, पण झाडीत महुआची घरोघरी निघते आणि काही बाबांची चिलीम संध्याकाळी प्रसाद म्हणून फिरते, नाही म्हटलं तर वाईट दिसतं असं वाटतं. मी सरळ सांगायचो, महाराज मी दारुडा आहे, मला चालत नाही. कोणी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही.

मीटिंगचा_चहावाला
११ वर्षं झाली मला. दादा, पहिल्या वर्षात मोठे निर्णय नकोत असं आमच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसमध्ये, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटात, जुने लोक सांगतात, मी ते ऐकलं नव्हतं आणि आपटलो होतो.

१९३५ ची गोष्ट आहे. बिल डब्ल्यू. म्हणून एक दारू सोडलेला माणूस, अमेरिकेत अॅक्रनला धंद्याच्या कामाने गेलेला, सौदा फिसकटला, हॉटेलच्या लॉबीत एकटा, एका बाजूला बार. त्याने काय केलं तर चर्चना फोन लावत सुटला, की इथे कोणी दारुडा आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. त्यातून डॉक्टर बॉब भेटले आणि आमचं अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभं राहिलं. तो बॉबवर उपकार करायला नव्हता निघाला हो, स्वतःच्या जिवासाठी निघाला होता. सेवा म्हणजे तेवढंच. मी सात वर्षं मीटिंगला चहा करतोय, खुर्च्या मांडतो. चाळीस कपांचं आधण ठेवलं की साडेसातला कुठे जाणार? जाताच येत नाही.

निमाडची_सून
सगळं वाचलं. भाऊ काय म्हणतो लिहिलंत, मुलगी काय म्हणते लिहिलंत, परिक्रमेबद्दल वहिनी काय म्हणतात ते कुठेय?

राग नका मानू. माझे मिस्टर सोडल्यावर सहाव्या महिन्यात निघाले. रस्त्यात लोक परिक्रमावासी म्हणून पाया पडतात, जेवू घालतात, फोटो यायचे ग्रुपवर. इथे मी दूधवाल्याचं मागचं बिल, सासूबाईंचा मोतीबिंदू आणि त्यांनीच करून ठेवलेली उधारी. परत आले ते शांत होऊन आले, नाकारत नाही. पण मला चिडायलाही वाव ठेवला नाही, देवाच्या कामाला गेलेल्या माणसावर चिडणार कसं?

बडोदेकर
मधला मार्ग सांगू? चैत्रात या आमच्याकडे. तिलकवाड्यापाशी नर्मदा उत्तरेकडे वाहते म्हणून तिथे उत्तरवाहिनी परिक्रमा करतात, रामपुरा ते तिलकवाडा आणि नावेने नदी ओलांडून परत, एका दिवसात होते. उन्हामुळे आम्ही पहाटे तीनलाच सुरू करतो, टॉर्च पाहिजेच. तिथून पुढे गरुडेश्वरला टेंबेस्वामींची समाधी, तेही होऊन जाईल. चार महिन्यांचं मग बघा.
आणि गुजरातेत दारूबंदी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, इथे राहणाऱ्यांना ठाऊक आहे 😄

रिकामी_संध्याकाळ (इंदूर)
निमाडची_सून ताई, बरोबर पकडलंत. विचारलंच नव्हतं. काल विचारलं. ती कणीक मळत होती, मळतच राहिली, मग म्हणाली चार महिने नाही, तुम्ही आठ महिन्यांपूर्वी परत आलायत, मला अजून खात्री नाही. पुढे म्हणाली एका दिवसाची असेल तर मी पण येते.

तर परिक्रमा सध्या कॅन्सल. चहावाले भिया, तुमची मीटिंग कुठे असते ते मेसेज करा, कपबश्या विसळायला तरी येतो.
चैत्राचं नक्की. काल बूट घ्यायला दोघं गेलो, दुकानदाराने तिचा नंबर विचारला तर मी सहा सांगितला, निघाला चार. बडोदेकर, नवीन बूट किती दिवस आधीपासून वापरायला घ्यावेत? आणि नावेला फार रांग असते का, तिचे गुडघे उभं राहिलं की दुखतात.