वडिलांच्या डिस्चार्ज बुकात आडनावच नाही, मदत हवी आहे (नाशिक)

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लागेल. थोडक्यात सांगितलं की जो तो "गॅझेट करून टाका" एवढंच म्हणतो, म्हणून सगळं लिहितो.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, तोफखान्यात होते. १९६६ साली भरती, १९८३ साली नाईक रँकवर पेन्शन घेऊन घरी. नाव पंढरीनाथ, गाव निफाड तालुक्यात. आडनाव इथे देत नाही, पण अगदी साधं मराठी आडनाव आहे. भरतीच्या दिवशी नावं लिहून घेणारा बाबू हिंदी मुलखातला असावा. त्याने पंढरीनाथचे दोन तुकडे केले. पंढरी हे नाव, नाथ हे आडनाव. आजोबांचं नाव वडिलांच्या रकान्यात बसलं आणि खरं आडनाव जे गळालं ते गळालंच. अण्णा तेव्हा एकोणीस वर्षांचे, इंग्रजी वाचता येत नव्हतं. आलं असतं तरी त्या रांगेत उभं राहून "साहेब, नाव चुकलं" म्हणायची कोणाची टाप होती?

पुढची १७ वर्षं ते 'नाथ'च होते. त्यांचे जुने साथीदार अजूनही फोनवर "नाथ है क्या?" असं विचारतात. डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, मेणकापडात गुंडाळून ट्रंकेत असतं. त्यात टाइप केलेलं नाव पंढरी नाथ, मध्ये चांगली बोटभर जागा. परवा भिंग घेऊन ७१ च्या लढाईचं संग्राम मेडल पाहिलं, तर त्याच्या कडेवरही नंबर, रँक आणि पुढे 'पी नाथ'. (त्यात पुन्हा नाईक ही रँक. आमच्या जेलरोडच्या बिल्डिंगमध्ये निम्मे लोक आमचं आडनाव नाईक समजतात. ती वेगळीच गंमत.)

आता अडचण. आधार, पॅन, सातबारा, मतदार यादी, सगळीकडे पंढरीनाथ, मग आजोबांचं नाव, मग आडनाव. पेन्शनच्या कागदावर मात्र पंढरी नाथ. बँकेतून पेन्शन यायची तेव्हा कोणी विचारलं नाही, काउंटरवरचे लोक ओळखीचे होते. पेन्शन स्पर्शवर (संरक्षण खात्याची ऑनलाइन पेन्शन व्यवस्था) गेली आणि नावाची तफावत समोर आली. पैसे अजून येतात, पण घोर पडलाय तो आईचा. तिच्या आधारवर नवऱ्याचं नाव आडनावासकट आहे. उद्या फॅमिली पेन्शनची वेळ आली, तर पंढरी नाथ हाच तिचा नवरा हे तिने चौऱ्याहत्तराव्या वर्षी कुठे कुठे सिद्ध करत फिरायचं?

एका एजंटाने ८,००० रुपये मागितले, "सगळं करून देतो" म्हणाला. काय करून देणार ते सांगेना. दुसऱ्याने सल्ला दिला की आधारच बदलून 'पंढरी नाथ' करा, काम एका दिवसात! मग शेतजमिनीचं काय, ते त्याला विचारायला नको.

अण्णांचं म्हणणं तिसरंच. "ज्या नावाने तोफ ओढली ते नाव खोटं म्हणून मी कुठेही सही करणार नाही." ८० च्या घरातला माणूस, त्यांच्याशी वाद कोण घालणार.

तर जाणकारांनी सांगावं: सुरुवात कुठून करायची? तोफखान्याच्या जवानांच्या नोंदी ठेवणारं रेकॉर्ड ऑफिस आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, नाशिकरोड कॅम्पात. इतक्या जवळ असून कोणता कागद घेऊन जायचं हेच कळत नाही.

प्रतिसाद (निवृत्त क्लार्क, तोफखाना)

दादा, आधी दोन गोष्टी करू नका. डिस्चार्ज बुकावर पेनाने काही लिहू नका, आणि आधारला हात लावू नका. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. ती संधी चुकीचं नाव घालायला कशाला घालवायची?

गॅझेटचीही घाई नको. गॅझेट म्हणजे "माझं नाव अमुक होतं, आता तमुक आहे". तुमच्या वडिलांनी नाव बदललेलंच नाही, ते लिहिताना चुकलंय. या दोन वेगळ्या केसेस आहेत आणि फाइलही वेगळी चालते.

पहिला प्रश्न हा की चूक नेमकी कुठे झाली. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) हे शेवटचे कागद, ते शीट रोलवरून, म्हणजे रेकॉर्डमधल्या जवानाच्या सेवापत्रकावरून उतरवलेले असतात. शीट रोलच्याही आधी भरतीचा फॉर्म. त्यावर वडिलांनी स्वतः सही केलेली असणार. ती सही कोणत्या नावाने आहे ते बघा. सहीत पूर्ण नाव असेल तर तुमची केस निम्मी सुटली, कारण मग चूक लिहिणाऱ्याची ठरते. त्या फॉर्मची प्रत मिळावी म्हणून वडिलांच्या सहीने रेकॉर्डला अर्ज करा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात १० रुपये फी भरून मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

प्रत हातात आली की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा (आपण अजून सैनिक बोर्डच म्हणतो). अर्ज त्यांच्यामार्फत गेला की वजन पडतं, कारण समोरचा माणूस खरा माजी सैनिक आहे याची पडताळणी त्यात होते. सोबत गावच्या शाळेचा दाखला, आधार, पॅन, डिस्चार्ज बुक आणि पीपीओच्या प्रती, आणि 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढचं शपथपत्र. प्रत्येक कागदावर आर्मी नंबर टाका. फौजेत नंबर आधी, नाव मागून. दोन पंढरी नाथ असू शकतात, एका नंबरचे दोन नसतात.

रेकॉर्डला पटलं की दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर (नोंदीतल्या बदलाचा फौजेचा लेखी आदेश) निघते. ती प्रयागराजला पीसीडीए पेन्शनकडे (फौजेची पेन्शन मंजूर करणारं कार्यालय) जाते, तिथून दुरुस्त पीपीओ येतो आणि स्पर्शवरचं नाव त्यावरून बदलतं. जुनं बुक तसंच राहतं, ऑर्डरची प्रत त्याला जोडून ठेवायची.

अण्णांना सांगा, शपथपत्रात 'खोटं' हा शब्द कुठेही नसतो. "सेवेत पंढरी नाथ या नावाने ओळखला जात होतो" असं लिहून घ्या. आनंदाने सही करतील. आणि एजंटाला चहासुद्धा पाजू नका.

प्रतिसाद (एक सून)

आमच्या सासऱ्यांच्या वेळी सासूबाईंचं लग्नाआधीचं नाव रेकॉर्डला होतं. सासरे गेल्यावर कळलं. मग साक्षीदार, पोलीस पाटलांचा दाखला, सगळं त्या दुःखात करावं लागलं. तुमच्या आईंचं नाव रेकॉर्डला काय लागलंय तेही याच अर्जात विचारून घ्या. अण्णा हयात आहेत तोवर त्यांची एक सही पुरते.

धागाकर्ता, दीड महिन्यानंतर

सगळ्यांचे आभार. भरतीच्या फॉर्मची प्रत आली. वर टाइपरायटरने पंढरी नाथ, आणि खाली निळ्या शाईत, शाळकरी वळणाच्या देवनागरीत अण्णांची सही: पंढरीनाथ, आजोबांचं नाव, आडनाव. आडनावाला जागा पुरली नाही म्हणून शेवटची दोन अक्षरं रकान्याबाहेर गेलीत.

अण्णांनी प्रत बराच वेळ हातात धरली. मग म्हणाले, "मी तर बरोबरच लिहिलं होतं की रे." शपथपत्र क्लार्क काकांनी सांगितलेल्या शब्दांत करून घेतलं, त्यावर त्यांनी स्वतःहून सही केली. सोमवारी सैनिक बोर्डात जातोय.

ताईंच्या सांगण्यावरून आईचं नावही पाहिलं. 'सुमन बाई' असं तोडलेलं आहे, पुढे काही नाही. तिचं शपथपत्र वेगळं करावं, की अण्णांच्याच अर्जात एक परिच्छेद घालून चालेल? सोमवारच्या आत कोणी सांगितलं तर बरं होईल.