वॉचमनची ड्युटी १२ तासांची की ८?

सचिव: आपले दोन गार्ड १२-१२ तास ड्युटी करतात. एजन्सीने गार्डमागे महिना १,५०० वाढवून मागितलेत. रविवारच्या मीटिंगआधी मतं कळवा.

ए-१०४: परत? मेंटेनन्स आत्ताच तर वाढवला.

सी-३०२: दादा, ते पैसे गार्डच्या हातात पडतात का, हे आपण कधी विचारलंय? काल रात्री गेटवरच्या मामांनी मोबाइल पुढे केला, "ताई, पीएफ किती जमला बघून द्या." पासबुकात शेवटची एंट्री आठ महिन्यांपूर्वीची. आपल्या बिलात मात्र पीएफ, ईएसआयसी (आजारपणाचा विमा) दर महिन्याला लावलेलं आहे. काय सांगावं कळेना. तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला, मामा मोबाइल खिशात टाकून गेट उघडायला गेले.

ए-१०४: हे माहीतच नव्हतं ताई.

बी-२०१: मी कारखान्याच्या टाइम ऑफिसात नोकरी काढली, म्हणून सांगतो. ८ तासांवर काम घेतलं की दुप्पट दराने ओव्हरटाइम द्यावा लागतो. १२ तासांची ड्युटी म्हणजे ४ तास जादा, त्याचे दुपटीने ८ तासांचे पैसे. म्हणजे एका ड्युटीला दोन रोज, दोन दिवसांची मजुरी. दिवस-रात्र मिळून चार. तीन पाळ्या लावल्या तर तीनच रोज! कायद्याने चालायचं तर ८ तासच स्वस्त.

सचिव: काका, आज आपण चार रोज कुठे देतोय? तिसरा गार्ड म्हणजे बिलात २१,००० वाढ.

बी-२०१: ८४ फ्लॅट आहेत. घरटी २५० रुपये. आणि आज चार रोज देत नाही, हीच तर चूक आहे आपली.

सी-३०२: मी द्यायला तयार आहे. पण तास कमी झाले म्हणून मामांचा पगार कापायचा नाही, हे लेखी हवं. त्यांना त्याचीच भीती आहे. किमान वेतनातला महागाईचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, तो फरकही त्यांना मिळायला हवा.

ए-१०४: मग एजन्सीच बदलू या ना.

बी-२०१: घाई नको. नवी एजन्सी म्हणजे मामांची नोकरी पहिल्या दिवसापासून, ग्रॅच्युइटी मिळायला लागणारी पाच वर्षं पुन्हा मोजायची. आधी पीएफ भरल्याची चलनं मागा, नावांच्या यादीसकट.

सचिव: चलनं येईपर्यंत बिल थांबवतो.

सी-३०२: सगळं नको हो, ते मामांचाच पगार अडवतील. पगाराची रक्कम द्या, सर्व्हिस चार्ज थांबवा.

सचिव: ठीक. आजच लेखी मागतो. तीन पाळ्यांचा विषय रविवारी पहिला घेऊ.

ए-१०४: माझे २५० धरा.