मातीकाम, कुडकाम, चुनाकाम हातानं शिकायचंय – पुण्याहून कुठे जावं?

रानजाई
नमस्कार. मी कोथरूडला राहते, शनिवार-रविवार सुटी असते. वेल्ह्याकडे आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे. दगडी जोतं, पुढे पडवी, वर कौलं आणि मागची अख्खी बाजू कुडाची, म्हणजे कारवीच्या काठ्या विणून त्यावर माती लिंपलेली. आजी होती तोवर दरवर्षी दिवाळीआधी लिंपण-सारवण व्हायचं. ती गेली आणि ते थांबलं. गेल्या दोन पावसाळ्यांत मागच्या भिंतीचा गिलावा सुटलाय, आतल्या कारव्या उघड्या पडल्यात.

दोन ठेकेदारांना दाखवलं. दोघांचं उत्तर एकच: पाडा, सिमेंटच्या ब्लॉकची बांधून देतो. मला तसं करायचं नाही. त्या भिंतीवर आजीच्या बोटांचे फराटे अजून दिसतात.

मी इंजिनिअर नाही. पण मला दुसऱ्याकडून करून घ्यायचं नाही, स्वतः शिकायचंय. कोणता कोर्स करावा? की आधी दुसरंच काही? बाबा ६८ वर्षांचे आहेत, त्यांच्या डोळ्यांसमोर निदान ही एक भिंत उभी राहावी असं वाटतं.

चुनकळी
ताई, ठिकाणं बरीच आहेत, पण प्रत्येकाचा हात वेगळ्या कामावर बसलेला आहे. ऑरोविल अर्थ इन्स्टिट्यूटचं नाव सगळे सुचवतील. शिकवतात उत्तम, पण त्यांचं मुख्य काम यंत्रात दाबलेल्या मातीच्या विटांचं. त्या मातीत साधारण ५ टक्के सिमेंट असतं, आणि त्या विटांच्या कमानी, घुमट. नवं घर बांधणार असाल तर जरूर जा. कुडाच्या भिंतीसाठी तेवढ्या लांब जायची गरज नाही.

जवळचं म्हणाल तर शिरूर तालुक्यातलं पाबळ. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम. तो मातीकामासाठी नव्हे, पण हातानं काम करून शिकणं म्हणजे काय ते तिथे कळतं. एकदा सेवाग्रामला जाऊन बापूकुटीही पाहा. माती, बांबू, कौलं, बस. भिंतीला हात लावून बघा, छपराच्या वळचणी किती पुढे काढल्यात ते बघा. मी तिथे अर्धा दिवस नुसता बसून होतो. वर्ध्यालाच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे, त्यांनी स्वस्त घरांवर वर्षानुवर्षं काम केलंय.

सुगरण
कोर्स नंतर. आधी स्वतःच्या मातीची ओळख करून घ्या.

आपल्याकडे शेताला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतात, ते उगाच नाही. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. पिकाला ती सोनं, भिंतीला वैरी. देशावरची धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची घरं पांढरीवर उभी आहेत. तुमच्या वेल्ह्याकडे तांबडी मिळेल, ती बरीच चांगली, पण तीही तपासूनच घ्यावी लागते.

काचेची बरणी घ्या. तिसरा हिस्सा चाळलेली माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. खूप हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, त्यावर काही तासांत पोयटा म्हणजे बारीक गाळ, आणि सगळ्यात वर चिकणमाती, तिला एक दिवस तरी द्या. चिकणमाती फारच जास्त निघाली तर वाळू मिसळा, नाहीतर गिलावा वाळताना तडकणार. मग ओल्या मातीचा लाडू करून कमरेएवढ्या उंचीवरून टाका. पसरला तर पाणी जास्त, भुगा झाला तर चिकटपणा कमी.

ही बरणी कमीत कमी चार ठिकाणच्या मातीची करा. अंगणातली आणि ओढ्याकाठची माती एकसारखी नसते.

पडवीतला
माझी चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल. भोरकडच्या आमच्या मातीच्या भिंतीला मी सिमेंटचा गिलावा करून घेतला. वर्षभर घर झकास दिसलं. मातीची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. सिमेंटनं तिचा श्वास कोंडला, ओल जोत्याच्या वर साठत गेली आणि तिसऱ्या पावसाळ्यात पोपड्याबरोबर चार बोटं माती खाली आली. आईनं दोन महिने माझ्याशी त्या विषयावर बोलणं टाळलं.

मातीवर मातीच, नाहीतर चुना. तिसरं काही नको.

इमारत_अभ्यासक
किल्लारीच्या भूकंपाचं कुणी बोलत नाही म्हणून विचारतो. ३० सप्टेंबर १९९३ ला माणसं मातीच्या घरांखालीच गेली ना? आणि पुण्यात १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, तेव्हा मातीत बांधलेले वाडे ढासळले.

चुनकळी
प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारल्याशिवाय कुणी मातीला हात लावू नये. किल्लारीला भिंती जाड दगडांच्या होत्या, दगड मातीत नुसते बसवलेले, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधलेला नाही, आणि माथ्यावर मातीचं जड धाबं. हादरा बसताच दगड फाकले आणि ते सगळं वजन खाली आलं. कूड म्हणजे हलकी, लवचीक विणलेली भिंत, आणि छपराचा भार लाकडी खांबांवर. दोन्हींना एका नावानं ‘मातीचं घर’ म्हणणं बरोबर नाही. मातीच्या बांधकामाच्या भूकंपसुरक्षेसाठी भारतीय मानक १३८२७ आहे, ते वाचा.

पुराचं मात्र खरं. साचलेल्या पाण्यात माती विरघळते, तिथे उपाय नाही. ताई, ओढा घरापासून किती लांब आहे? आणि खांबांचे बुंधे कुजलेत का? सुरीचं टोक रुतवून पाहा. सहज आत गेलं तर लिंपणाआधी जाणत्या सुताराला बोलवा.

सुगरण
कारवीबद्दल एक. जंगलातून परवानगीशिवाय तोडू नका. जिथे मोडलीय तिथे बांबूच्या कामट्या विणा. बांबू तीन वर्षांवरचा, पावसाळा संपल्यावर तोडलेला. कोवळ्यात साखर जास्त, भुंगेरा पोखरतो. कामट्या बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा, आणि त्यांचं टोक जमिनीला टेकू देऊ नका. खालून ओल चढली की सगळी मेहनत गेली.

बयो
मी शिकलेली नाही, लेक टाईप करतेय. माझ्या आईनं शिकवलं ते सांगते. चिखल आदल्या दिवशी करून लगेच लावायचा नाही. माती, भाताचं तूस नि शेण पायानं मळायचं, ओल्या पोत्यानं झाकायचं, रोज थोडं पाणी मारून पुन्हा मळायचं. आठ दिवसांनी वास येतो, हाताला लोण्यासारखा लागतो. तेव्हा लावायचा. पहिला थर कारवीच्या फटींत अंगठ्यानं दाबून भरायचा, आतून एक बाई, बाहेरून एक. तो तडकतो, तडकू दे. पुरता वाळला की पाण्याचा हात फिरवून दुसरा. शेवटचं सारवण बोटांनी, अर्धगोल.

तुमच्या गावात साठीच्या वरची एखादी बाई असेलच. तिच्याकडे जा. साडी-चोळी घेऊन जा, आणि तिच्या दिवसाची मजुरी पण द्या.

रानजाई
बयो मावशी, तुमचं वाचून बाबांना दाखवलं. ते म्हणाले, शेजारच्या वाडीतल्या सखूआत्या आजीबरोबर लिंपायला यायच्या, ऐंशीच्या घरात आहेत, हात अजून चालतो. रविवारी दोघं जाऊन आलो. त्या खाटेवरून उठल्या, आमच्या घरी आल्या, भिंतीला कान लावून टकटक केलं आणि म्हणाल्या, वरचा अर्धा भाग चांगला आहे, तो पाडायचा नाही.

ओढा शंभर पावलांवर, पण बराच खाली आहे. चारपैकी तीन खांब घट्ट आहेत, कोपऱ्यातला मऊ लागला, सुतार पुढच्या शनिवारी येतोय. चार बरण्या खिडकीत मांडल्यात. घरामागच्या मातीत चिकणमाती जवळजवळ निम्मी दिसतेय. सुगरण, अशा मातीला वाळू किती घालू?

सुगरण
एकच प्रमाण धरू नका. एकास अर्धी, एकास एक, एकास दीड अशा तिन्ही मिश्रणांचे हातभर चौकोन त्याच भिंतीवर लावा आणि आठवडाभर वाळू द्या. जो तडकत नाही आणि बोट घासलं तर भुगा सोडत नाही, तो घ्या. फोटो टाका.