शब्दचर्चा: ‘मूर’ म्हणजे माळरान का? (कट गेटच्या सायकलवाटेचे शब्द)

वाटाड्या
इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधल्या ‘कट गेट’ या माउंटन बाइकच्या वाटेवर मराठीत टिपण करतोय. वाचणारे मँचेस्टर-शेफील्डकडचे मराठी सायकलवाले, मूरवर नवखे. वाट लँगसेट जलाशयापासून निघते, पाचशे मीटरच्या वर चढते आणि स्लिपरी स्टोन्सच्या दगडी पुलाकडे, हाउडन जलाशयाच्या माथ्याला उतरते. अडलेले शब्द: मूर, बॉग, ब्रिडलवे, वॉटर बार. मूरला ‘माळरान’ लिहिलंय. चालेल?

सडेकर
नाही. माळरान म्हटलं की डोळ्यांपुढे मुरमाड, कोरडी, कुसळी गवताची जमीन येते. तिथे वाट सोडून सायकल घातली तर फार तर काटा लागेल. मूरवर वाट सोडली की चाक आसापर्यंत खाली जातं. कारण वरचा थर मातीचा नसून पीटचा असतो. स्फॅग्नम नावाचं शेवाळ पाण्याखाली, आम्लात, प्राणवायूविना पुरतं कुजत नाही. त्याचा थर वर्षाला जेमतेम 1 मिलिमीटर चढतो. दोन मीटर खोल पीट म्हणजे दोनेक हजार वर्षांची जमा.

आपल्याकडचा जवळचा शब्द ‘सडा’. कासच्या सड्यावर पावसाळ्यात पाणी तुंबतं आणि दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती येते. तिची भावंडं पीक डिस्ट्रिक्टच्या दलदलीतही आहेत. पण सड्यावर कातळावर पातळ माती, आणि दिवाळीनंतर सगळं खडखडीत. मूर ऑगस्टमध्येही ओला असू शकतो. म्हणून ‘मूर’च ठेवा, पहिल्या उल्लेखाला ‘बारमाही ओला डोंगरसडा’ एवढं जोडा.

सांडवा
मूरचं पटलं. पण प्रश्नातच एक चूक आहे, ती टिपणात गेली तर लोक भलतीकडे जातील. ‘जलाशयाच्या माथ्याला’ वाचून माणूस धरणाची भिंत शोधेल, कारण आपल्याकडे धरणमाथा म्हणजे भिंतीचा वरचा भाग. स्लिपरी स्टोन्स भिंतीच्या बरोबर उलट बाजूला, पाणी सुरू होतं तिथे आहे. ‘फुगवट्याच्या टोकाला’ लिहा.

‘धरण’ आणि ‘जलाशय’ही वेगळे ठेवा. बोलताना आपण दोन्हींना धरण म्हणतो, नकाशा वाचताना ते अंगाशी येतं. या खोऱ्यात एकाखाली एक तीन आहेत. हाउडन आणि डरवेंट ही दगडी धरणं, काम 1901 ते 1916. भरली की पाणी भिंतीवरूनच पडतं, म्हणजे अख्खी भिंत सांडवा. खालचं लेडीबोवर 1943चं, मातीचं. मातीच्या भिंतीवरून पाणी गेलं तर भिंतच धुपून जाईल, म्हणून तिथे जलाशयात काठाजवळ सुमारे 24 मीटर व्यासाचे दोन गोल सांडवे आहेत. ‘विहीर-सांडवा’ म्हणा, पाहणाऱ्याला लगेच ओळखू येईल.

लेडीबोवरच्या बुडीत क्षेत्रात डरवेंट आणि अ‍ॅशॉप्टन ही गावं गेली. स्लिपरी स्टोन्सचा पूल मूळचा डरवेंट गावातला. दगड दगड सुटा करून वर आणून बांधला. त्याला नुसता ‘जुना पूल’ न म्हणता ‘लमाणी पूल’ म्हटलं तर? माल लादलेल्या घोड्यांसाठीचा अरुंद पूल आहे तो.

वाटाड्या
‘लमाणी’ नको, लोक बंजारा समाजाचा संबंध शोधत बसतील. ‘लादणीच्या घोड्यांचा पूल’ लिहितो. फुगवट्याचं दुरुस्त करतो.

वहिवाटदार
ब्रिडलवेला, म्हणजे घोडेस्वारांनाही हक्क असलेल्या वाटेला, ‘पायवाट’ अजिबात लिहू नका. तिथे हे दोन वेगळे कायदेशीर दर्जे आहेत. 1968च्या कायद्याने ब्रिडलवेवर सायकलला हक्क दिला, अट अशी की चालणाऱ्याला आणि घोड्याला आधी वाट द्यायची. पायवाटेवर सायकलला तो हक्क नाही. 2000च्या कायद्याने खुल्या केलेल्या मूरवरही हक्क पायी फिरण्यापुरताच आहे. ‘खुली जमीन’ वाचून सायकल घालायची नाही. (हे इंग्लंड-वेल्सचं. स्कॉटलंडमध्ये 2003च्या कायद्याने सायकललाही मोकळीक आहे.)

गाव नकाशा पाहिलेल्याला हे समजायला जड नाही. आपल्याकडे गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवतात. तिथल्या 1:25,000 नकाशावर दोन्ही हिरव्या तुटक रेषा: आखूड तुकडे म्हणजे पायवाट, लांब तुकडे म्हणजे ब्रिडलवे. जागेवर पायवाटेला पिवळा बाण, ब्रिडलवेला निळा. शब्द ‘घोडेवाट’ घ्या. आणि ‘राइट ऑफ वे’साठी ‘मार्गाधिकार’ वगैरे पाडू नका, ‘वहिवाटीचा हक्क’ तलाठ्यापासून कोर्टापर्यंत चालतो.

सडेकर
कट गेटमध्ये ‘गेट’ आहे म्हणून कुणी फाटक शोधू नये. उत्तर इंग्लंडच्या जुन्या नावांतलं हे गेट नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियन) भाषेतलं, अर्थ वाट. डरवेंट खोऱ्यातले शेतकरी याच वाटेने जनावरं पेनिस्टोनच्या बाजाराला नेत. बाकी ‘एज’ला कडा, ‘क्लफ’ला घळ, ट्रेकवाल्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

चेनकव्हर
बॉगला ‘दलदल’ बरोबर, पण सगळीकडे तोच शब्द लावू नका. चालवणाऱ्याला तीन गोष्टी वेगळ्या कळायला हव्यात. ‘चिखल’ म्हणजे खाली टणक तळ आहे. बसून, हलक्या गिअरवर, एकसारखं पेडल मारत जा. ‘राड’ म्हणजे चाकांनी आणि टापांनी घुसळलेलं पीट. वजन मागे, पुढचं चाक हलकं, पुढच्या ब्रेकला हात नाही. ‘दलदल’ म्हणजे तळच लागत नाही; उतरा आणि सायकल उचला. ओळखायची खूण रंगाची: चमकदार पोपटी शेवाळ दिसलं की खोल समजा. कापसासारखे पांढरे तुरे दिसले तर पीट ओलं आहे.

राड टाळायला कडेकडेने जायचं नाही. प्रत्येक जण हातभर बाहेरून जातो, गवताची साय फाटते, उघडं पीट पावसाने वाहतं आणि एका वाटेच्या जागी पाच ओघळ होतात. कट गेटच्या सर्वांत वाईट टापूत दगड घालून वाट पक्की करावी लागली, ती यामुळेच. मधूनच जा, बूट भिजू द्या. कडक गोठलेल्या दिवशी हीच वाट झकास चालते. दिवसभर बर्फ वितळत असेल तर सगळ्यात वाईट.

सामानाचे शब्द दुकानात बोलतात तेच ठेवा. ‘गतिरोधक पट्टिका’ लिहिलंत तर कुणी वाचणार नाही, ब्रेक पॅडच लिहा. आणि हे जरूर लिहा: इथला ग्रिटस्टोन म्हणजे खरबरीत वालुकाश्म, त्याची कच पाण्यात मिसळली की पॉलिश पेपरसारखं घासते. ऑर्गॅनिक (राळेचे, मऊ) पॅड एका ओल्या फेरीत पत्र्यापर्यंत जाऊ शकतात. सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड लावा, ओले झाले की कर्कश ओरडतात, पण टिकतात. तरी एक जोड जवळ असू द्या. टायर 2.4 इंची ट्यूबलेस. 75 किलोच्या माणसाला पुढे 21-22, मागे 24-25 पौंड हवा. त्याखाली गेलात तर उतारावर दगडाची धार थेट रिमला लागते. सीलंट (टायरमधलं भोक आतून बुजवणारा द्रव) चाकामागे 100 मिली. तीन-चार महिन्यांनी उघडून बघा, सुकून त्याची गोळी झालेली असते.

वाटाड्या
‘वॉटर बार’ राहिला. ‘जलरोधक’ सुचतोय, पण तो छत्रीसारखा वाटतो.

सांडवा
आणि अर्थही उलटा होतो. तो पाणी अडवत नाही, वाटेवरून बाजूला काढतो. वाटेत तिरके रोवलेले दगड असतील तर ‘आडओळ’, नुसता खोलगट चर असेल तर ‘आडवी पन्हळ’. दोन्ही शब्द घ्या, कारण दोन्हींवर चाक वेगळं वागतं.

चेनकव्हर
बरोबर. पन्हळीत पुढचं चाक अडकतं, तिथे हँडल जरा उचला. आडओळ तिरकी असते, सरळ रेषेत गेलात की ओल्या दगडावरून चाक सटकून बाजूला जातं. आधीच वळून काटकोनात ओलांडा, आणि दगडावर ब्रेक दाबू नका. ट्यूब वापरत असाल तर इथेच शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, दोन्हींवर ठिगळ लावा. एक बुजवून हवा भरणारे पुढच्या उतारावर पुन्हा बसलेले दिसतात.