सगळ्यात वेगवान प्रॉडक्शन बाइक कोणती, हे ठरवायचं कसं?

कार्बन_फेअरिंग

वेगवान प्रॉडक्शन मोटरसायकलींचा तक्ता करतोय, पण आकड्यांचा एकमेकांशी ताळमेळच लागत नाही. डॉज टोमाहॉकपुढे ताशी 420 मैल, कावासाकी निंजा एच2आरपुढे 400 किमी, 1999 च्या सुझुकी हायाबुसापुढे 312. तिच्याहून ताकदवान नव्या गाड्यांपुढे मात्र सरसकट 299. इतक्या वर्षांत गाड्या हळू झाल्या की काय? क्रम लावताना कोणता आकडा धरायचा आणि कोणता सोडायचा?

रेडलाइन_११०००

299 चं कोडं सोपं आहे. तो मोजलेला वेग नाही, मुद्दाम घातलेलं कुलूप आहे. हायाबुसानं 300 ओलांडल्यावर युरोपात बंदी येईल या धास्तीनं जपानी आणि युरोपीय कंपन्यांनी आपसात समझोता केला आणि ईसीयूतच (इंजिनाच्या संगणकात) वेग अडवणारा लिमिटर बसवला. 2001 च्या हायाबुसाच्या डायलवर 280 च्या पुढचे आकडेच छापले नाहीत. आधी तोच डायल 350 पर्यंत होता! 2007 मध्ये एमव्ही अगुस्टानं एफ4 आर 312 काढून 312 हा आकडा थेट नावातच घातला, पण बाकीच्या बहुतेक गाड्यांवर कुलूप राहिलंच. तेव्हा 299 दिसला की पुढे 'लिमिटर' लिहा आणि ती गाडी क्रमवारीत धरू नका. कुलूप काढून मोजलेला आकडा मिळाला तर तो वेगळ्या रकान्यात, कारण ती गाडी आता स्टॉक (कंपनीतून आली तशी) नाही.

एच2आर या तक्त्यात बसतच नाही. ती रस्त्यावर नोंदवता येत नाही, फक्त ट्रॅकसाठी आहे. 2015 ची रस्त्यावरची एच2 200 पीएसची (मेट्रिक अश्वशक्ती), एच2आर 310 ची. तुर्की रेसर केनान सोफुओग्लूनं 2016 मध्ये तुर्कस्तानातल्या ओस्मान गाझी पुलावर 26 सेकंदांत 400 गाठले ते गाडीच्या डॅशबोर्डवरचे, एकाच दिशेनं. पराक्रम मोठाच, पण त्याला मोजणी म्हणत नाहीत.

सीडीए_वाला

टोमाहॉकचा निकाल कागदावरच लागतो. टाकीवर पूर्ण झोपलेला चालक आणि चांगली फेअरिंग (हवा कापणारं बाहेरचं आवरण) असेल तर समोरचं क्षेत्रफळ गुणिले ड्रॅग गुणांक साधारण 0.33 चौ.मी. धरा, हवेची घनता 1.2. ताशी 300 म्हणजे सेकंदाला 83.3 मीटर. हवेचा विरोध सुमारे 1,375 न्यूटन, आणि तो कापायला चाकापाशी 115 किलोवॅट, म्हणजे 156 पीएस. ताकद वेगाच्या घनानं वाढते. 420 मैल म्हणजे 676 किमी, त्याला सुमारे 1,780 पीएस लागतील. टोमाहॉकच्या व्हायपर व्ही10 ची ताकद 500, आणि अंगाला फेअरिंग नावालाही नाही. असले आकडे ताकद आणि गिअरिंगचा गुणाकार करून निघतात, हवेला कुणी विचारतच नाही.

गिअरिंगचा हिशोब मात्र शिकून ठेवा, गप्पा पकडायला कामी येतो. पहिल्या हायाबुसाचं प्रायमरी (इंजिन ते क्लच) गुणोत्तर 1.596, सहावा गिअर 1.043, स्प्रॉकेट (साखळीची दातेरी चाकं, मागचे दात/पुढचे दात) 40/17. एकूण 3.917. 190/50-17 टायरचा घेर 1.953 मीटर. मिनिटाला 11,000 फेऱ्यांना गणितानं ताशी 329 येतात. ताशी 312 ला इंजिन साधारण 10,400 वर फिरतं, कमाल ताकदीच्या 9,800 च्या थोडं पुढे. म्हणजे गिअर शिल्लक आहे, ताकद संपली आहे. मागचं स्प्रॉकेट जितकं लहान तितका वेग जास्त हा समज इथेच फसतो: गिअर फार लांब झाला की इंजिन कमाल ताकदीच्या खाली येतं आणि काही वेळा टॉप उलट घटतो.

कार्बन_फेअरिंग

पटलं. मग मोजणी कशी झालेली असावी? फोनच्या जीपीएसचे बरेच व्हिडिओ दिसतात.

टाइमस्लिप

काट्यावरचा आकडा पहिल्यांदा बाद करा. युरोपीय नियमानुसार स्पीडोमीटरनं खऱ्यापेक्षा कमी दाखवायचं नाही, जास्त मात्र 10 टक्के अधिक काही किमी चालतं. 300 दाखवणारी गाडी 280 वर असू शकते, आणि ते नियमात बसतं. जुन्या गाड्यांत सेन्सर पुढच्या स्प्रॉकेटपाशी असतो, त्यामुळे स्प्रॉकेट किंवा टायर बदलला की वाचन अजून बिघडतं. 190/50 च्या जागी 190/55 घातला की घेरच 3 टक्क्यांनी वाढतो.

फोन सेकंदाला साधारण एकदाच जागा घेतो आणि 300 ला त्या एका सेकंदात 83 मीटर जातात. वर अॅप आकडे गुळगुळीत करतं ते वेगळंच. निदान 10 हर्ट्झचा (सेकंदाला दहा नोंदी घेणारा) स्वतंत्र जीपीएस लॉगर हवा, अँटेनाला वर मोकळं आकाश हवं. फक्त कमाल आकडा न घेता आलेख मागा. शेवटच्या तीन-चारशे मीटरांत रेष आडवी झाली नसेल तर गाडी अजून वेग घेत होती आणि रस्ता संपला. 280 च्या पुढे वेग फार सावकाश वाढतो, त्यामुळे छोट्या धावपट्टीवर हेच होतं.

दोन्ही दिशांना धाव ही अट सोडू नका. 300 च्या गाडीला समोरून ताशी 10 किमी वारा लागला तर ती 293 वर अडकते, पाठीमागून तोच वारा असेल तर 307 जाते. सरासरी पुन्हा 300. एफआयएमच्या (आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघ) विक्रमांत म्हणूनच दोन तासांच्या आत उलट दिशेची धाव करावी लागते. आडवा वारा मात्र सरासरीनं कटत नाही, तो दोन्ही वेळा नुकसानच करतो. एक टक्का उतारानंही दोनेक किमी फुकट मिळतात.

समुद्रसपाटीपासून उंचीवर मोजलं असेल तर टर्बोवाल्या (धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या) गाडीचा आकडा बाजूला ठेवा. साध्या इंजिनाची ताकद विरळ हवेत घटते आणि विरोधही घटतो, बरंचसं फिटतं. टर्बो ताकद बऱ्यापैकी टिकवतो, त्याला फायदाच.

रेडलाइन_११०००

त्यात चालक धरा. आरसे काढले होते का, टक (टाकीवर झोपणं) किती घट्ट होता, हे लिहिलेलं नसेल तर आकडा अर्धवट. 1999 ची हायाबुसाच वेगवेगळ्या मासिकांच्या चाचण्यांत 303 पासून 312 पर्यंत भरली. एकाच मॉडेलमध्ये 3 टक्के! तेव्हा दोन गाड्यांत चार-पाच किमीचा फरक असेल तर त्यांना एकाच क्रमांकावर ठेवा. एकाच दिवशी, एकाच धावपट्टीवर, एकाच चालकानं मोजल्या असतील तरच क्रम लावा.

टाइमस्लिप

टॉपऐवजी पाव मैल घ्यायचा असेल तर वेळ आणि शेवटचा वेग वेगळे लिहा. वेळ क्लचवर आणि चाक किती उचललं यावर जाते, शेवटचा वेग ताकद-वजनाचं खरं प्रमाण सांगतो. तो 402 मीटरांच्या शेवटच्या 20 मीटरांतली सरासरी असतो, क्षणिक कमाल नव्हे. आणि 0–100 च्या आकड्यात सुरुवातीचा एक फूट मोजला की सोडला ते विचारा. त्या एका फुटात दोन-तीन दशांश सेकंद जातात.