दीवपेक्षा रेवदंडा बरं

पुण्याहून दोन दिवसांच्या सहलीसाठी कुणी गुजरातजवळचं, एकेकाळी पोर्तुगीजांचं असलेलं दीव सुचवतं खरं, पण जाण्यायेण्यातच सुट्टी संपायची. त्यापेक्षा ताम्हिणी घाट उतरून कोलाड-रोह्यामार्गे अलिबागजवळचं रेवदंडा गाठा. हे गावही १७४० पर्यंत पोर्तुगीजांचंच होतं. रस्ता कोटाच्या तटातूनच गावात शिरतो. आत नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांत मधेच छप्पर उडालेली चर्च आणि सातखणी मनोऱ्याचे उरलेले मजले. वाळू काळसर, म्हणून फोटोवाली गर्दी कमी (तशीच राहू दे!). खाडीपलीकडे कोर्लई गाव, तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज वळणाची बोली अजून बोलली जाते. कोर्लईचा किल्ला सकाळीच चढा, उन्हात जीव जातो. बाकी वेळ निवांत लोळा. पावसाळ्यात शनिवारी जाणार असाल तर पहाटेच निघा, नाहीतर ताम्हिणीत धबधबेवाल्यांच्या गाड्यांमागे अडकाल.